डिपॉझिटच्या चपला

आक्कांच्या मते या देशात लोकशाही, संसद, विधानसभा असलं काही नाही. देशात फक्त घरमालक आहेत आणि भाडेकरू आहेत. आपण घरमालक, निवडून जातात ते भाडेकरू. पाच वर्षांचा करार असतो, बोटाला शाई लावून घेऊन तो आपणच करून देतो, आणि मग पुढची पाच वर्षं भाडेकरूच्याच दारात जाऊन "साहेब आहेत का हो?" म्हणून विचारत उभे राहतो. "मालकानं भाडेकरूला सायेब म्हटलं की घर गेलंच म्हणून समज," असं आक्का म्हणायच्या. मी स्वतः त्यांचा भाडेकरू होतो, त्यामुळे हे वाक्य मला दोन्ही बाजूंनी लागायचं.

मी मूळचा सदलग्याचा. एका औषध कंपनीत लागलो, निपाणी-चिकोडीपर्यंतचे दवाखाने माझ्याकडे आले, आणि बेळगावात खोली शोधत शोधत शहापुरात, जुन्या विणकरांच्या पेठेत आक्कांच्या दारात येऊन पोचलो. दारात म्हणजे खरं तर दाराच्या वर. रस्ता उंच होता आणि घर खाली. रस्त्यावरून दोन फरशा उतरल्या की उंबरा लागायचा, आणि डोकं सांभाळलं नाही तर चौकटही लागायची. आक्का मागावर बसल्या होत्या. साठी उलटलेली, अंगावर स्वतःच विणलेलं लुगडं, नाकाला तपकिरीचा डाग. हातातला धोटा न थांबवता त्यांनी माझी मुलाखत घेतली.

"काय करतोस रं?"

"प्रतिनिधी आहे, आक्का."

त्यांचं तोंड एकदम कडू झालं. "कुणी निवडून दिलं?"

"कंपनीनं नेमलंय. औषधांचा प्रतिनिधी."

"मग बरं हाय. काम न्हाय केलंस तर काढतील तरी."

मला माडीवरची खोली मिळाली. डिपॉझिट आधी, किल्ली नंतर. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आक्का सगळ्या खोल्यांची तपासणी करायच्या. नळ सोडून बघायच्या, मोरीत वाकून वास घ्यायच्या, अंगठ्याच्या नखानं भिंत खरवडायच्या. भिंतीत नवा खिळा दिसला की "भिंत माझी, खिळा तुझा, आता भोक कुणाचं?" असा प्रश्न यायचा, ज्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. आणि भाडेकरूनं "करतो, आक्का" म्हटलं की त्यांचा एकच शब्द यायचा, "कवा?" मग त्या तुमच्या खाटेवर बसून राहायच्या, तपकीर ओढायच्या, आणि वार सांगितल्याशिवाय उठायच्या नाहीत. एकदा मी घाबरून रविवार सांगितला आणि रविवारी खरोखरच खिळा काढून भोक बुजवलं. निपाणीहून चांगल्या तपकिरीची डबी आणून दिली तर तपासणी थोडी सौम्य व्हायची, असा माझा समज होता. तो खोटा निघाला. डबी घेऊन त्या खिळे जास्त बारकाईनं बघायच्या.

आक्कांचा माग जमिनीत होता. पूर्वी शहापुरात घरोघरी असेच माग होते. जमिनीत कमरेइतका खड्डा, विणणाऱ्यानं कडेला बसून पाय आत सोडायचे, पायानं खालच्या पट्ट्या दाबायच्या आणि हातानं धोटा फेकायचा. बाकी गल्लीनं हे मोडून यंत्रमाग आणले, काहींनी तेही मोडून नुसती साड्यांची दुकानं घातली. आक्कांचे मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती, दोन्ही मुली सासरी होत्या, पोट खोल्यांच्या भाड्यावर भरत होतं. माग चालवला नाही तर काही अडत नव्हतं. पण त्या रोज सकाळी खड्ड्यात पाय सोडून बसायच्याच. "ह्यो थांबला की मी नुसती भाडं खाणारी म्हातारी," असं एकदा त्या मला म्हणाल्या, आणि लगेच विषय बदलून माझ्या खिळ्यांवर आल्या.

त्या खड्ड्यात पाणी यायला लागलं होतं, आणि त्याला कारण गल्लीचा विकास. दर निवडणुकीला गल्लीला एक नवीन रस्ता मिळायचा. जुना रस्ता उकरून मग नवा करावा असं कुठल्याही गवंड्याला समजतं, पण उकरायला वेळ लागतो आणि उकरलेल्या रस्त्याचं उद्घाटन करता येत नाही. म्हणून जुन्यावरच काँक्रीटचा एक थर. रस्ता वीतभर वर, घरं वीतभर खाली. गल्लीतले लोक दर वेळी हार घेऊन जायचे, फटाके लावायचे, पेढे वाटायचे आणि पावसाळ्यात आपापल्या उंबऱ्याला विटा लावत बसायचे. स्वतःच्या घरात पाणी घेण्यासाठी सत्कार करणारी दुसरी गल्ली मी तरी पाहिली नाही.

आक्का सांगायच्या, "मी लग्नात तीन पायऱ्या चढून ह्या घरात आले. माप वरच्या पायरीवर ठेवलं हुतं. त्या पायऱ्या हितंच हाईत, रस्त्यात." गल्लीत कुणाचाच यावर विश्वास नव्हता. समोरचे एक साडीचे दुकानदार, दर सत्काराला हार आणायचं काम ज्यांच्याकडे असायचं ते, हसून म्हणायचे, "व्हय आक्का, आणि त्या पायऱ्यांखाली सोन्याचा हंडा बी हाय." मीही हसायचो. चढून जायचं घर उतरून जायचं कसं होईल, हे माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाला पटत नव्हतं.

आक्कांनी आधी रीतसर सगळ्या भाडेकरूंचं दार वाजवलं होतं. नगरसेवक म्हणाले, रस्ता आमदार फंडातला, मी हात लावू शकत नाही. तेव्हाच्या आमदारांचा माणूस म्हणाला, गटारीचं बघायचं काम महापालिकेचं. खासदार दिल्लीत होते. ते परत आले तेव्हा रेल्वेबद्दल बोलले. आक्का घरी येऊन म्हणाल्या, "मोरी कुणी तुंबवली इचारलं तर तिघं तीन खोल्यांकडं बोट दावत्यात. माझ्या घरात असली बिऱ्हाडं असती तर तिघांस्नी एकदम बाहेर काढलं असतं."

वर्षातून एकदा सीमेपलीकडून कुणीतरी पुढारी यायचे. आपण लवकरच महाराष्ट्रात जाणार असं सांगायचे. आक्का मनापासून टाळ्या वाजवायच्या, त्या बाबतीत त्या, गावाच्या वेशीवर 'महाराष्ट्र राज्य' अशी पाटी लावणाऱ्या येळ्ळूरच्या माणसांनाही हार गेल्या नसत्या. टाळ्या थांबल्या की मात्र हात वर करून विचारायच्या, "कवा?" पुढारी लढ्याचा इतिहास सांगायचे. तो संपला की आक्का दुसरा प्रश्न विचारायच्या, "बरं, तवर हिकडच्या भाडेकरूवर ध्यान कुणी ठेवायचं?" पुढच्या वर्षीपासून संयोजक त्यांना मागच्या रांगेत बसवायला लागले.

मग ती निवडणूक आली. आमच्या भागातून जे उमेदवार होते त्यांना भाषांची मोठी देणगी होती. मतं मराठीत मागायचे, नकार कन्नडमध्ये द्यायचे आणि दोन्हीकडून अडचण आली की इंग्रजी बोलायचे. त्या दिवसांत अर्थातच त्यांची मराठी ओघवती होती. कार्यकर्त्यांची फौज घेऊन ते गल्लीत आले, आक्कांच्या दाराबाहेर अथणीच्या नव्या कोऱ्या चामड्याच्या चपला काढल्या, वाकून आत आले, आक्कांच्या पाया पडले.

"आक्का, आशीर्वाद द्या. काय काम असंल ते सांगा, करतो."

"रस्ता उकरून खाली घ्या. माझ्या मागात पाणी येतंय."

"करतो, आक्का."

"कवा?"

"निवडून आलो की लगेच."

"लगेच म्हंजी कवा?"

साहेब हसले. कार्यकर्ते हसले. चहा आला. चहा पिऊन साहेब बाहेर आले तर चपला नाहीत. आक्कांनी त्या केव्हाच उचलून आतल्या फळीवर, देवाच्या फोटोच्या जरा खाली, ठेवल्या होत्या.

"डिपॉझिट," आक्का म्हणाल्या. "खोली नीट ठेवली की परत. हितं सगळ्यांस्नी त्योच नियम हाय. इचारा ह्या पोराला." आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी मान हलवली. मला दुसरं काय करता येणार होतं?

साहेब अनवाणी दोन फरशा चढून रस्त्यावर आले. दुसरा एखादा माणूस चिडला असता. पण साहेब उगाच राजकारणात नव्हते. त्याच संध्याकाळच्या सभेत त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, की माझ्या चपला मी एका माउलीच्या घरी ठेवून आलोय, तिच्या दारातला रस्ता होईपर्यंत त्या घालणार नाही. सभेतल्या बायकांनी डोळे पुसले. साहेबांच्या पायात तेव्हा दुसरा जोड होता, पण व्यासपीठ उंच होतं. ते चांगल्या मतांनी निवडून आले. आक्कांच्या फळीवरच्या चपलांनी निदान दोन प्रभाग फिरवले असं जाणकार म्हणायचे.

आक्कांनी डिपॉझिट मात्र फार जपलं. दर अमावास्येला एरंडेल लावून चपला मऊ ठेवायच्या. खंडेनवमीला मागाची पूजा झाली की चपलांनाही हळदकुंकू. मी म्हटलं, "आक्का, चपलांची पूजा?" तर म्हणाल्या, "हत्यारच हाय न्हवं. ह्यांचं हत्यार तेवढंच हाय माझ्याजवळ."

हिवाळ्यात बेंगळुरूची सगळी विधानसभा थोड्या दिवसांसाठी बेळगावला मुक्कामाला येते. लॉज भरतात, हॉटेलांत मटणाचे दर वाढतात, आणि टेकडीवरची ती पांढरी इमारत, जिच्यात एरवी वारा राहतो, ती माणसांनी भरते. साहेबांचं चौथं वर्ष चालू होतं तेव्हा आक्का म्हणाल्या, "चल, खोली बघून येऊ." साहेबांच्या कचेरीतून आम्हाला प्रेक्षक-सज्जाचे दोन पास मिळाले. फाटकावर पोलिसांनी आक्कांची तपकिरीची डबी काढून घेतली, त्यामुळे त्या आधीच बिघडलेल्या होत्या. आत बराच वेळ दोन्ही बाजू उभ्या राहून एकदम बोलत होत्या, अध्यक्ष बसा बसा म्हणत होते, आणि बसत कुणीच नव्हतं. मग कामकाज तहकूब झालं. आक्कांना कन्नड माझ्याइतकंच चांगलं यायचं, पण त्या गदारोळात भाषेचा काही उपयोग नव्हता. आमच्या साहेबांची खुर्ची रिकामी होती. आक्का त्या खुर्चीकडे बघत राहिल्या.

बाहेर आलो तर साहेब आवारात आपल्या माणसांबरोबर फोटो काढत उभे होते. "आक्का, कसं वाटलं सभागृह?" त्यांनी कौतुकानं विचारलं.

"खोली चांगली हाय," आक्का म्हणाल्या. "ऱ्हातं कोण तितं?"

त्यानंतर काही महिन्यांनी रस्ता मंजूर झाला. मी धावत जाऊन आक्कांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "उकरणार न्हवं?" उकरलं नाही. एका दिवसात जुन्यावर नवा थर पडला आणि आक्कांच्या दारात तिसरी फरशी लावावी लागली. त्याच आठवड्यात वळवाचा एक जोरदार पाऊस झाला, आणि दुसऱ्या दिवशी साहेब उद्घाटनाला आले. दुकानदारांनी हार घातला. फटाके फुटले. मग फोटोवाल्यांना घेऊन, हसतमुखानं, साहेब चपला परत न्यायला आक्कांच्या घरात उतरले.

"आक्का, रस्ता झाला. आता डिपॉझिट द्या."

"देते की. बसा आधी. मागावर बसा, फोटो चांगला येतोय."

मागावर बसलेला पुढारी हा फोटो शहापुरात दर निवडणुकीला निघतो, त्यामुळे साहेबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. ते कडेला बसले आणि सराईतपणे दोन्ही पाय खड्ड्यात सोडले. खड्ड्यात गुडघ्याच्या वर गढूळ पाणी होतं. पांढरी स्वच्छ विजार मांडीपर्यंत भिजली, आणि तोंडातून जो शब्द निघाला तो तिन्हीपैकी कुठल्या भाषेतला होता ते आम्हाला कळलं नाही. आक्का शांतपणे म्हणाल्या, "मी रोज असंच बसते, अण्णा."

दुसऱ्या दिवशी पेपरात "विणकरांच्या व्यथा जाणून घेताना आमदार" असा फोटो आला. मोबाईलवर मात्र शब्दासकट आख्खा व्हिडिओ फिरला. साहेबांनी तातडीनं हुकूम सोडला, त्या बाईच्या दारातला रस्ता उकरा. हुकमाची अंमलबजावणी अक्षरशः झाली. फक्त आक्कांच्या दारापुरता रस्ता खणला, बाकी जसाच्या तसा ठेवला. साहजिकच गल्लीचं सगळं पाणी आता वरून आणि खालून आक्कांच्या दारात येऊन थांबायला लागलं. मागाखालचा खड्डा काठोकाठ भरला. आक्कांनी अर्धं विणलेलं लुगडं कापून मागावरून उतरवलं, खड्ड्यावर फळ्या टाकल्या आणि फळ्यांवर बसून राहिल्या. मी वरच्या खोलीत होतो. सकाळी धोट्याचा आवाज आला नाही तेव्हा मला जाग आली, आणि मला फार वाईट वाटलं. त्या घरात राहून मला तो आवाज ऐकू येत होता हेच मला माहीत नव्हतं.

पण दारातल्या त्या तळ्याचा एक फायदा झाला. गल्लीत शिरायचं तर आक्कांच्या दारावरूनच जावं लागायचं. शाळेतली मुलं, दूधवाला, साड्या घ्यायला आलेली गिऱ्हाईकं, सगळे चपला हातात घेऊन, कपडे वर धरून चालायला लागले. ज्या गल्लीनं दर थराला सत्कार केला तिच्या घोट्याला पहिल्यांदा रस्ता कळला. दुकानदारांची गिऱ्हाईकं दुसऱ्या गल्लीत वळायला लागली तसे ते पाण्यातून चालत आक्कांकडे आले.

"आक्का, काय तर करा की."

"मी काय करू? मी एका घराची मालकीण. तुम्ही बी मालकच हाईसा न्हवं?"

निवडणूक पुन्हा जवळ येत होती. अशा वेळी आमदारांच्या कानातला मळ आपोआप निघतो. आक्का सगळ्या गल्लीला घेऊन साहेबांच्या जनता दर्शनाला गेल्या. जनता दर्शन म्हणजे आठवड्यातून एकदा साहेब खुर्चीवर बसतात आणि जनता रांगेत उभी राहून त्यांचं दर्शन घेते. त्या दिवशी रांग वगैरे काही राहिली नाही. बायका जमिनीवर बसल्या, हातातल्या ओल्या चपला समोर ठेवून. आक्कांनी सगळ्यांना एकच धडा शिकवून आणला होता.

साहेब कन्नडमध्ये म्हणाले, "नोडोणा." म्हणजे बघू.

गल्ली कन्नडमध्येच म्हणाली, "यावाग?" म्हणजे कवा.

"माडोणा." करू.

"यावाग?"

साहेब मराठीत निधीची अडचण सांगायला लागले. "कवा?" ते इंग्रजीत एस्टिमेट, टेंडर असं काहीतरी बोलले. "कवा?" भांडण नाही, घोषणा नाही. आक्का तपकीर ओढत बसल्या होत्या. दुकानदार तेवढे मागं भिंतीला टेकून गप्प उभे होते. साहेबांशी असलेली ओळख बिघडायला नको होती. शेवटी साहेबांनी घाम पुसला आणि सोमवार सांगितला. आक्का लगेच उठल्या.

सोमवारी जेसीबी आला. आख्खी गल्ली एका टोकापासून उकरायला घेतली. काँक्रीटचे थर एकावर एक निघत होते, आणि जुनी माणसं कुठला थर कुठल्या निवडणुकीचा ते ओळखत होती. आक्का दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. दुपारच्या सुमाराला त्यांच्या दारातला शेवटचा थर निघाला आणि त्याखाली काळ्या दगडाची एक कड दिसली. माणसांनी फावड्यानं माती ओढली. एक पायरी. मग दुसरी. मग तिसरी. मधोमध झिजलेल्या, कडेला शेंदराचा डाग राहिलेल्या. आक्का उठल्या. आतून कळशी आणली आणि तिन्ही पायऱ्या हातानं चोळून धुतल्या. समोर दुकानाच्या दारात दुकानदार उभे होते, सोन्याच्या हंड्याची आठवण त्यांनाही झाली असावी. मला भरून आलं, ते लपवायला मी माडीवर निघून गेलो.

महिन्याभरानं साहेब आले. या वेळी फोटोवाले नव्हते. नव्या चपला खाली काढून ते तीन पायऱ्या चढून वर आले. आत धोटा चालू होता. आक्का उठल्या, त्यांनी भिंतीवरून एकदा नजर फिरवली, खड्ड्यात वाकून कोरड्या जमिनीला हात लावून बघितला, आणि मग फळीवरच्या चपला काढून दिल्या. साहेब वरच्या पायरीवर बसून त्या घालायला लागले. पाय आत जाईना. त्यांनी अंगठा दाबला, टाच हलवली, पुन्हा दाबलं.

"आक्का, आखडल्यात हो ह्या."

"न्हाय आखडल्या," आक्का म्हणाल्या. "दर आवसंला तेल लावलंय. चपला हाईत तशाच हाईत. तुमचं पाय वाढल्यात."

साहेब हसले, चपला काखेला मारल्या आणि पायऱ्या उतरले. खाली नव्या चपलांत पाय घालता घालता त्यांची सवय जागी झाली. "पुढच्या खेपेला गटारीचं बी बघू, आक्का," ते म्हणाले.

आक्का तपकिरीची डबी शोधत होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं. समोरच्या दुकानातून, कापडाच्या घड्या घालता घालता, दुकानदारांनीच मान वर न करता विचारलं,

"कवा?"